पाण्यात न बुडणारी वेळ

आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त गाठायला घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरे, आणि ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजत. वेळ पाण्यात बुडाली तरच मोजता यायची! ह्या दिवाळीला ज्या घड्याळांविषयी वाचकांशी गप्पा मारायच्या म्हणतो, त्यांची तऱ्हा नेमकी उलटी. समुद्राच्या तळाशी जाऊनही पोटात पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही, ह्याच खटाटोपात त्यांचा सारा जन्म गेला. ही पाणबुड्यांची स्विस घड्याळे. आज त्यांच्यामागे वेडे झालेले लोक जगभर आहेत, आणि त्यांच्यात आपली मराठी मंडळीही थोडीथोडकी नाहीत.

मनगटी घड्याळात पाणी शिरायच्या वाटा तीन: काच, मागचे झाकण आणि किल्ली. पहिल्या दोन घट्ट बंद करता येतात. किल्लीचे तसे नाही. ती फिरवायलाच हवी. भक्कम वाड्याला दिंडीदरवाजा असावा आणि चोराने तिथूनच आत यावे, तशी ही जागा. रोलेक्सचे हान्स विल्सडॉर्फ ह्यांनी १९२६ साली ह्यावर तोड बाजारात आणली. बरणीच्या झाकणासारखे आटे पाडून किल्ली डबीवर घट्ट पिळून बसवायची. घड्याळाचे नाव ठेवले 'ऑयस्टर', म्हणजे कालव. कोकणातल्या माणसाला हे नाव लगेच पटेल. कालव उघडताना सुरी किती वेळा निसटते हे त्याला ठाऊक असते.

पण लोकांचा विश्वास कसा बसावा? लंडनमध्ये टायपिस्टचे काम करणाऱ्या मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या तरुणीने ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. ब्रिटिश स्त्रियांत ती पहिलीच. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईने तसाच दावा केला, तो खोटा निघाला, आणि लोक ग्लाइट्झकडेही संशयाने पाहू लागले. बिचारी २१ ऑक्टोबरला पुन्हा त्या गारठ्यात उतरली. दहा तासांवर पोहली, शेवटी तिला पाण्याबाहेर ओढून घ्यावे लागले. खाडी काही ह्या खेपेस पार झाली नाही. परंतु तिच्या गळ्यात अडकवलेले ऑयस्टर ठणठणीत चालू होते. २४ नोव्हेंबरला 'डेली मेल'च्या पहिल्याच पानावर विल्सडॉर्फनी त्याची जाहिरात झळकवली. जाहिरातकलेतला हा धडा अजून शिकवला जातो. मला मात्र घड्याळापेक्षा त्या टायपिस्ट मुलीचे कौतुक अधिक वाटते.

तरीही पोहणाऱ्याचे घड्याळ वेगळे आणि पाणबुड्याचे वेगळे. जुना पाणबुड्या डोक्यावर पितळी टोप चढवून उतरे. त्याची हवा नळीने वरून येई आणि वेळ होडीवरचा माणूस सांभाळी. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां ह्यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहण्याचे साधन बनवले, आणि पाणबुड्याची नळी तुटली, दोरही सुटला. तो माशासारखा मोकळा झाला. पण टाकीतली हवा मोजकी, आणि 'आता वर ये' म्हणायला कोणी नाही. एवढ्यावर भागत नाही. खोल पाण्यात जास्त वेळ राहिले की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. मग एकदम वर आले तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर फसफसते तसे रक्तात बुडबुडे धरतात, आणि माणूस लुळा होतो, प्रसंगी दगावतो. खाली किती मिनिटे काढली, हा हिशेब त्यामुळे जिवाशीच बांधलेला.

झां-झाक फिएश्तेर हे तेव्हा ब्लांपां ह्या जुन्या स्विस घड्याळकंपनीचे प्रमुख, आणि स्वतः हौशी पाणबुडे. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा वेळेचे भान सुटून त्यांच्या टाकीतली हवा संपत आली. जीव वाचला, आणि डोक्यात घड्याळ शिरले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, फ्रेंच आरमारात पाणबुड्या सैनिकांचे नवे पथक उभे राहत होते. त्याचे अधिकारी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही अशाच घड्याळाच्या शोधात होते. तबकडी काळी, आकडे मोठे, काटे अंधारात चमकणारे आणि भोवती फिरते कडे, अशी त्यांची मागणी. १९५३ साली हे घड्याळ तयार झाले. नाव 'फिफ्टी फॅदम्स'. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. तेव्हाच्या पाणबुड्याच्या आवाक्याची ती हद्द मानली जाई. कुस्तोंच्या मंडळींनी हे घड्याळ वापरले, आणि १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या त्यांच्या 'मूक जगता'वरच्या चित्रपटात ते झळकलेही. रोलेक्सचे 'सबमरीनर' आणि झोडिॲकचे 'सी वुल्फ' हीदेखील १९५३ चीच. कोण आधी, कोण मागून, ह्यावर संग्राहक अजून हमरीतुमरीवर येतात. मला त्या वादात गोडी नाही. गरज पिकली की फळ एकाच वेळी चार झाडांवर दिसते.

त्या फिरत्या कड्याची युक्ती मात्र समजून घेण्यासारखी आहे. उडी मारण्याआधी कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यापाशी जाईल तितकी मिनिटे झाली. बेरीज-वजाबाकी नको. पुढे पुढे हे कडे एकाच दिशेने फिरेल असे करू लागले. का? तर चुकून धक्का लागून सरकलेच, तर गेलेली वेळ जास्त दाखवील, कमी कधीच दाखवणार नाही. पाणबुड्या फार तर पाच मिनिटे लवकर वर येईल. इतकी साधी आणि इतकी शहाणी योजना मी दुसऱ्या कोणत्याही घरगुती वस्तूत पाहिलेली नाही.

पुढचे विक्रम भराभर सांगतो. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि अमेरिकन आरमाराचे डॉन वॉल्श 'त्रिएस्त' नावाच्या यानातून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, सुमारे १०,९०० मीटर खाली, उतरले. यानाच्या बाहेर बांधलेले खास रोलेक्स चालूच वर आले. १९६७ साली डोक्साने नारिंगी तबकडीचे घड्याळ काढले आणि साहेबी काळ्या तबकडीवाल्यांची नाके वर गेली. त्याच वर्षाच्या सुमारास एका विचित्र दुखण्यावर इलाज निघाला. दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहणारे पाणबुडे हेलियम मिसळलेली हवा घेत. त्याचे अणू इतके सूक्ष्म की वॉशर ओलांडून घड्याळात शिरत, आणि दाब उतरताना काच फटकन उडे. पाणी रोखणाऱ्या पहिलवानाला वाऱ्याने चीत केले! मग हेलियमला बाहेर जायला घड्याळाच्या कुशीत एक बारीक झडप आली.

आणि मग २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. १९७० मध्ये स्विस घड्याळधंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती तिसऱ्या हिश्शावर आली. ज्या घड्याळांनी समुद्राला दाद दिली नाही ती एका सेलपुढे हरली. आज संग्राहक ज्याला 'जुना माल' म्हणून डोक्यावर घेतात, तो त्या पडझडीच्या आधीचा.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. फेवर ल्यूबा हे नाव ठाऊक नसेल असे जुने मराठी घर विरळा. १७३७ सालचे हे स्विस घराणे १८६५ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनगटावर असे बसले की अनेकांना ते देशीच वाटे. (२०११ मध्ये ते टाटांच्या टायटनने विकत घेतले, आणि २०२३ मध्ये एथॉस ह्या दुसऱ्या भारतीय कंपनीकडे गेले, म्हणजे आजोबांचा समज उशिरा का होईना खरा ठरला.) १९६४ मध्ये त्यांनी 'डीप ब्लू' हे पाणबुड्याचे घड्याळ काढले, आणि पुढे 'बाथी'. हे बाथी म्हणजे अजब चीज. त्याच्या मागच्या बाजूला मुद्दाम भोके; पाणी आत यायचे, पातळ पडद्यावर दाबायचे, आणि तबकडीवर किती मीटर खोल आहोत ते काटा दाखवायचा. सारी दुनिया पाणी बाहेर ठेवायला धडपडत असता ह्यांनी त्याला घरात बोलावून कामाला लावले.

अशी घड्याळे आपल्याकडे सरळ दुकानातून फारशी आली नाहीत. परदेशी घड्याळ ही त्या काळी केवढी चैन होती, हे कायद्यातच लिहून ठेवले आहे: १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या १२३ व्या कलमात, माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे माल सापडेल त्याच्यावर टाकली आहे, आणि त्यात सोन्याच्या जोडीला घड्याळे बसवली आहेत.

आमच्या शेजारच्या घरी असेच एक डीप ब्लू आहे. यजमान बोटीवर इंजिनियर होते. १९६५ मध्ये एडनला उतरून त्यांनी ते घेतले. ते गेल्यानंतर काही वर्षांनी कोणी तरी त्यांच्या मुलाला सांगितले, की असली घड्याळे आता लाखांत जातात. नातवाला त्याच वर्षी पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता, आणि फीची अर्धी बेरीज घरातल्यांनी ह्या घड्याळावर मांडली. एक संग्राहक गृहस्थ बघायला आले, तेव्हा वहिनींनी मलाही बोलावून घेतले. गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावले आणि दोन मिनिटांत ते खाली ठेवले. "तबकडी नव्याने रंगवलेली आहे," ते म्हणाले. त्यांनी मलाही दाखवले. अक्षरे जरा जाड, मिनिटांच्या रेघा खुणांना चुकून गेलेल्या, आणि कंपनीचे नाव किंचित तिरके. किंमत एकदम दहावा हिस्सा.

मुलाचा चेहरा उतरला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "भावजी, रंगवलेली आहेच. ८३ साली बेबीच्या लग्नाच्या आधी ह्यांनीच रंगवून आणली. समुद्राच्या हवेने डाग पडले होते ना. व्याह्यांसमोर डागाळलेले घड्याळ घालून कसे बसायचे, म्हणाले."

ते घड्याळ विकले गेले नाही. फीसाठी मुलाने बँकेचे कर्ज काढले, आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

संग्राहकाचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने तबकडी हाच घड्याळाचा चेहरा. उन्हाने काळ्याची तपकिरी झाली तर तो अधिक पैसे मोजील, पण वरून रंग लावलेला त्याला चालायचा नाही. आपल्या घरांतली रीत वेगळी. भांड्याला कल्हई, खुर्चीला पॉलिश, घड्याळाला नवी तबकडी. जपणे म्हणजे नवे करणे. त्या मायेची बाजारात किंमत शून्य, हे कडू असले तरी बाजार खोटे बोलत नाही. खोटे बोलतात ते दुसरेच. चोरबाजारापासून थेट परदेशापर्यंत भडक निळ्या-लाल तबकड्यांची, चार घड्याळांचे भाग जुळवलेली 'स्विस' घड्याळे जातात. तिकडचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. पण ही विद्या काही मुंबईचीच नव्हे. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनीव्हाच्या लिलावात एक जुने ओमेगा स्पीडमास्टर (ते पाणबुड्यांचे नव्हे, पण बोध तोच) ३१ लाख स्विस फ्रँकांना गेले. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी. २०२३ मध्ये उघडकीस आले की तेही जुळवाजुळवीचेच होते!

उलट अस्सल चिजेला भाव कुठवर जातो पाहा. 'डॉक्टर नो' ह्या १९६२ च्या चित्रपटात जेम्स बाँडच्या हाती जे सबमरीनर होते, त्याच जातीचे एक दुर्मिळ तबकडीचे घड्याळ २०१८ साली न्यूयॉर्कला दहा लाख डॉलर्सच्या वर विकले गेले. एके काळी पाणबुडे ही घड्याळे हत्यारासारखी वापरीत, आपटीत, झिजवीत. म्हणूनच धडकी राहिलेली थोडी, आणि म्हणून महाग.

आता कोणाच्या कपाटात असे घड्याळ असेलच तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. आपण चमकणाऱ्या काट्यांना सरसकट 'रेडियमचे काटे' म्हणतो. साठच्या दशकाआधीच्या घड्याळांत ते खरोखरच रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात अशा तबकड्या रंगवताना कुंचला ओठांनी टोकदार करणाऱ्या मुली १९२० च्या दशकात हाल होऊन मेल्या. पुढे त्याच्या जागी ट्रिटियम आले, ते सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. अशा तबकडीच्या तळाशी बहुधा इंग्रजी 'टी' हे अक्षर छापलेले असते. दोन्ही प्रकारांची चमक आज विझलेली असायला हवी. साठ वर्षांचे घड्याळ अंधारात काजव्यासारखे लकाकत असेल तर तो लेप नवा आहे, असे खुशाल समजा. मात्र रेडियमची चमक विझली तरी रेडियम शिल्लक असते. ते निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. तेव्हा असले घड्याळ हौसेने घरी उघडून बसू नका, मुलांच्या हाती तर देऊच नका. काच फुटली असेल तर पिशवीत बंद करून जाणत्या घड्याळजीकडे न्या, आणि आत काय असू शकेल ते त्याला आधी सांगा.

दुसरे, मागे २०० मीटर कोरलेले आहे म्हणून ते घालून पोहायला जाऊ नका. ते आकडे नव्या वॉशरचे होते. रबर साठ वर्षांत दगड होते किंवा वितळून चिकटते. वॉशर बदलून, दाबाच्या यंत्रात तपासून घेतले तरी नळाखाली हात धुण्यापलीकडे त्याची परीक्षा पाहू नये. घड्याळजीला बजावून सांगा, की यंत्र साफ कर, तेल घाल, वॉशर बदल, पण तबकडीला हात लावू नकोस आणि डबी घासू नकोस. जुनी किल्ली, जुने काटे बदललेच तर ते पुडीत बांधून परत मागून घ्या. पट्टा तेवढा नवा घाला.