धाप मोजायलाच हवी

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडावर महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविक येतात. धनेगावहून गुहेकडे चढताना धाप सगळ्यांनाच लागते. स्नायूंना जास्त प्राणवायू हवा असतो, म्हणून श्वास वाढतो. घडीभर टेकले की तो शांत होतो. पण बरोबरीच्या बाया पुढे गेल्या आणि चाळिशीची एखादी दर वीस पावलांवर थांबते आहे, असे दिसले तरी 'अशक्तपणा असेल' म्हणून विषय संपतो. चुकते ते इथेच.

साध्या श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला, तर प्रौढ माणूस उंची, वय आणि लिंगानुसार साधारण तीन ते पाच लिटर हवा बाहेर टाकतो. तरीही सव्वा लिटरच्या आसपास आत उरतेच. ही क्षमता लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांवर मोजून दाखवली. त्यांचे यंत्र माणसाएवढे होते. आजचा स्पायरोमीटर तळहातावर मावतो.

त्यात खरी गंमत पहिल्या सेकंदाची आहे. जोरात फुंकल्यावर निरोगी माणसाची 70 ते 80 टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. श्वासनलिका आकसल्या असतील तर हवा रेंगाळते. नळ्या मोकळ्या करणारे औषध देऊनही हे प्रमाण 70 टक्क्यांखाली राहिले, तर सीओपीडीचा संशय बळावतो. हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्यांचा नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, बिडीला कधी हातही न लावलेल्या बाईलाही तो होतो आणि तिचे निदान सर्वांत उशिरा होते. फुंकीचे आकडे चांगले आले, तर शोध रक्ताकडे वळवता येतो. पंडुरोग आणि सिकलसेल या भागाला नवे नाहीत. सिकलसेलच्या तपासणीसाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीम आहे. फुप्फुसांच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही.

रक्तदाब मोजण्याइतकीच ही चाचणी ग्रामीण रुग्णालयात सहज व्हायला हवी. नुसते यंत्र खरेदी करून भागणार नाही. पहिल्या फुंकीला बहुतेकांचे चुकते. ओठ घट्ट मिटून, छाती रिकामी होईपर्यंत, किमान तीन वेळा नीट फुंकून घ्यावे लागते. 'फुंका, अजून फुंका' हे शेजारी उभे राहून सांगणारा, आणि गोंडीत सांगू शकणारा, तंत्रज्ञ असेल तर अर्धे काम झाले.

चाचणी चढून आल्याआल्या करू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर फुंकण्याआधी क्षयरोगासाठी थुंकी तपासावी.