चुंबक आणि तापलेला थर

पातेल्यांत तेल तापूं लागलें कीं त्याच्या पृष्ठावर बारीक नक्षी हालूं लागते, हें आमच्या वाचक-भगिनींनीं पाहिलेंच असेल. तळचें तेल ऊन होऊन हलकें होतें व वर येऊं पाहतें. पण तें लागलीच उठत नाहीं. द्रवाचा चिकटपणा त्यास आवरतो, आणि उष्णताहि वाटेंतच शेजारीं झिरपून जाते. तापमानांतील फरक एका ठराविक मर्यादेबाहेर गेला म्हणजेच हा तोल सुटतो. त्याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१६ सालीं मांडलें.

अशा थरास चुंबकीय क्षेत्रांत ठेवलें तर काय होईल? उत्तर द्रवाच्या जातीवर आहे. पारा विजेचा वाहक. तो हालूं लागतांच त्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व ते त्याच गतीस विरोध करितात. लाहोर येथें जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं हें गणितानें दाखविलें, आणि १९५५ त शिकागो येथें नाकागावा यांनीं तें प्रयोगानें पडताळलें. तेथें चुंबक थरास शांत राखतो.

चुंबकीय द्रवाची तऱ्हा उलटी. भारहीन अवस्थेंत अग्निबाणाचें इंधन चुंबकानें ओढून आणावें, या हेतूनें १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील नासा संस्थेंत स्टीव्ह पापेल यांनीं तो सिद्ध केला. मॅग्नेटाइटचे, मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांशाएवढे कण, त्यांवर ओलेइक अम्लाचा लेप, आणि ते रॉकेलसारख्या द्रवांत तरंगत ठेवलेले. तापलेला भाग चुंबकत्व कमी घेतो, थंड भाग अधिक. त्यामुळें बाहेरचें उभें क्षेत्र सर्वत्र सारखें असलें तरी थराच्या आंत तें विषम होतें: ऊन बाजूस प्रबळ, थंड बाजूस क्षीण. मग अधिक चुंबकलेला थंड द्रव ऊन बाजूकडे ओढला जातो व स्वस्थ थर घुसळूं लागतो. ब्रूस फिनलेसन यांनीं १९७० त याचें गणित केलें. सुमारें एक मिलिमीटर जाडीच्या थरांत ही ओढ गुरुत्वाच्या परिणामावर वरचढ ठरते, असें त्यांत निघालें.

आम्हांस विलक्षण वाटते ती गोष्ट पुढेंच आहे. साधें तेल वरून तापविलें तर हलका भाग वरच राहतो व थर निश्चल असतो. या ओढीस मात्र वर-खालीं कळत नाहीं. पातळ थर वरून तापविला तरीहि ती त्यास चाळवूं शकते. जेथें वजनच नाहीं तेथेंहि उष्णता वाहून नेण्याची युक्ति यामुळें हातीं येते. ध्वनिक्षेपकांतील तारेचें वेटोळें थंड राखण्यास हा द्रव वापरतात खरा. पण तेथें बरेंचसें काम, हवेपेक्षां द्रवांतून उष्णता सहज जाते, एवढ्यानेंच भागतें.