नगरला समुद्र कुठंय?

"ताई, हे मिसाईल कुठं चाललंय?"

राहुरीच्या पेट्रोल पंपावरच्या पोराने हा प्रश्न अगदी सिरियसली विचारला. चूक त्याची नाही. माझी गाडी साडेतीन मीटरची आणि तिच्या टपावर बांधलेली होडी पाच मीटरची. पुढून-मागून दोऱ्या, शेपटीला लाल फडकं. "समुद्रात चालवायची कयाक आहे," मी म्हटलं. "मग नगर जिल्ह्यात काय करताय?" बाजूच्या सीटवर बसलेले बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हेच मी दोन वर्षं विचारतोय."

तर मंडळी, लोक फ्लॅटचे हप्ते भरतात, मी फ्रीलान्सिंगचे तीन चेक घालून सेकंडहँड सी-कयाक घेतली. पुण्यात सोसायटीने पार्किंगमध्ये ठेवू दिली नाही, म्हणून ती नगरला (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर) आई-बाबांच्या पडवीत आडवी असते. क्षेत्रफळात राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, पण किनारा शून्य. आई तिच्यावर पापड वाळवते. शेजारच्या काकू विचारतात, "लग्नाचं बघतेस की होडीचं?"

रिसॉर्टवर अर्ध्या तासाला भाड्याने मिळते ती बुटकी, रुंद कयाक वेगळी. ही लांब आणि अरुंद, त्यामुळे सरळ आणि वेगात जाते. आत आडव्या भिंती असतात, पुढे-मागे हवाबंद कप्पे. तंबू, स्टो, कपडे कोरडे राहतात आणि होडी उलटली तरी बुडत नाही. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचा रबरी घागरा, म्हणजे लाट आत येत नाही. मूळ डिझाइन आर्क्टिकच्या इन्युइट शिकाऱ्यांचं : लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, वर सीलचं कातडं.

आणि हा येडेपणा नवा नाही बरं का. ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन तरुण १९३२ मध्ये घडीच्या कयाकमधून निघाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून वल्हवत पुढे गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळे स्वागत म्हणून थेट अटक! आपल्या मुंबईचा कौस्तुभ खाडे २०१५-१६ मध्ये द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत एकटा गेला. सुमारे तीन हजार किलोमीटर, ८४ दिवस.

आमची झेप मात्र भंडारदऱ्यापर्यंत. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. मागे पसरलेला आर्थर लेक, त्याच्या टोकाला रतनवाडी, डोक्यावर रतनगड. रीतसर विचारून, धरणाच्या भिंतीपासून लांब, मुरशेतच्या बाजूने होडी पाण्यात टाकली. लाइफ जॅकेट चढवलं. बाबांना पोहता येत नाही, ते काठावर थांबले. "बारापर्यंत येते," मी म्हटलं.

जाताना पाणी आरशासारखं. रतनवाडीच्या बाजूला पोचले तेव्हा स्वतःवर जाम खूश होते. परत फिरले आणि मागून वारा सुटला. सी-कयाकची एक खोड असते : वारा तिरका आला की तिचं तोंड वाऱ्याकडे वळतं. त्यासाठी मागे तळाशी एक पातं असतं, स्केग. दोरी ओढली की ते खाली उतरतं आणि होडी सरळ राहते. मी दोरी ओढली. पातं हललंच नाही. सकाळी बाबा म्हणत होते, "दोघं मिळून उचलू." मी हिरोगिरी करून होडी खडीवरून एकटीने ओढली होती. खडा अडकला होता.

मग काय, दहा वल्ही मारायची आणि होडी परत उलटी बघणार. एकाच बाजूने वल्हवून खांदा गेला. लाटा मागून चढत होत्या. मोबाइलला रेंज नाही. पहिल्यांदाच वाटलं की मी इथे उलटले तर कुणाला कळणारही नाही. शेवटी जिद्द सोडली आणि जवळचा काठ गाठला. होडी कुशीवर वळवली, केसातली पिन काढून खडा उकरला. वीस मिनिटं लागली. हात थरथरत होते, म्हणून आणखी अर्धा तास नुसती बसून राहिले.

मुरशेतला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. बाबा गुडघाभर पाण्यात उभे. पोहता न येणारा माणूस, पँट न दुमडता. मागे गावातली दोघं होडी काढायच्या तयारीत. मला वाटलं, आता कयाक विकायची ऑर्डर निघणार.

बाबा काही बोलले नाहीत. होडीचं पुढचं टोक त्यांनी उचललं, मागचं मी. राजूरला चहा पिताना म्हणाले, "पुढच्या वेळी कागदावर लिहून द्यायचं. कुठून निघणार, कुठे जाणार, किती वाजता येणार, नाही आलीस तर किती वाजता कुणाला सांगायचं."

तीस वर्षं सरकारी टेबलावर काढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! पण जगभरचे सी-कयाकवाले नेमकं हेच करतात. त्याला फ्लोट प्लॅन म्हणतात. मी पोज मारण्याच्या नादात तेवढंच विसरले होते.

परवा बाबांचा फोन आला. "थंडीत कधी येतेस? फॉर्म तयार केलाय. तीन प्रती."