सुई अ‍ॅनालॉग, वेग इलेक्ट्रॉनिक!

१/ "जुन्या टर्नटेबलमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लुडबूड नव्हती, म्हणून तो आवाज शुद्ध!" जुन्या ध्वनियंत्रांची चर्चा निघाली की हे विधान हमखास ऐकू येते. ते मनाला सुखावते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र टिकत नाही.

२/ एल.पी. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. वेग सव्वा टक्क्याने वाढला, की प्रत्येक स्वर आपल्या संगीतशास्त्रातील एका प्रमाणश्रुतीने चढतो. वेग डळमळला, तर अविचल लावलेला षड्जही थरथरतो. सुराची शुद्धता अशी मोटरच्या हाती असते.

३/ पूर्वी वेगाने फिरणारी लहान मोटर रबरी चाकाच्या किंवा पट्ट्याच्या साहाय्याने थाळी फिरवीत असे. मोटरची घरघर सुईपर्यंत पोहोचण्याची भीती असे. रबर झिजले की वेग ढळे.

४/ १९७० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने 'टेक्निक्स एसपी-१०' बाजारात आणले. अभियंते शुइची ओबाता यांच्या चमूने मधले रबर हटवून मोटरलाच थाळी जोडली. ही मोटर ब्रशलेस होती: घासणारे, झिजणारे कार्बन ब्रश नाहीत, कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची, हे ट्रान्झिस्टर ठरवतात. इलेक्ट्रॉनिक्स काढून घ्या, थाळी जागची हलणार नाही!

५/ १९७९ च्या 'एसएल-१२०० एमके२'मध्ये थाळीचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या स्पंदनांशी अखंड ताडून पाहिला जाई आणि फरक दिसताच सुधारला जाई. कंपनीने नोंदवलेली वेगातील डळमळ होती अवघी ०.०२५ टक्के.

६/ प्रतिपक्ष म्हणतो: "ही सततची सुधारणाच सूक्ष्म हेलकावे निर्माण करते, शिवाय मोटरचा लोहगाभा चुंबकाशी अडखळतो." आक्षेप निराधार नाही. २०१० मध्ये थांबवलेली ही मालिका २०१६ मध्ये परतली, ती लोहगाभा नसलेली मोटर घेऊनच. परंतु त्या मोटरचे नियंत्रणही इलेक्ट्रॉनिकच आहे. दोष एका रचनेचा सिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक्स मुक्त सुवर्णयुग नव्हे.

७/ पट्ट्यावरची यंत्रे उत्तम असू शकतात; वाद तो नाही. वाद आहे तो श्रेय पुसण्याचा. 'शुद्ध यांत्रिक भूतकाळ' ही दंतकथा त्या अभियंत्यांचे कर्तृत्व झाकते आणि जतनाची दिशाही चुकवते: पेटीला चकाकी येते, आतले नियंत्रण-मंडल मात्र भंगारात जाते. ज्याने सूर सांभाळला, तेच इतिहासाबाहेर! जुने यंत्र जपायचे असेल, तर झाकण उघडून आतले मंडलही जपा.