१ जूनचीं मुलें

आमच्या घरांत सध्यां एक कचेरी भरते. भद्रावतीसारख्या गांवीं, भद्रनागाच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर, माजघराशेजारच्या खोलींत बसून आमची धाकटी सून पुण्याच्या एका कंपनीचें काम करते. २०२० सालच्या टाळेबंदींत हा प्रकार तात्पुरता म्हणून सुरू झाला आणि आतां कायमचा झाला आहे. तिचें काम डेटाबेसचें, म्हणजे जुन्या भाषेंत बोलावयाचें तर दप्तरदाराचें. फरक इतकाच कीं, तिच्या दप्तराला रुमाल नाहींत, आणि तें कोठें ठेवलें आहे हें तिलाहि बोट करून दाखवितां येत नाहीं.

खोलीचें दार लोटलेलें असतें. आंतून बहुधा कळफलकाचा टकटकाट तेवढा ऐकूं येतो. पण दर शुक्रवारीं चार वाजण्याच्या सुमारास हंसण्याचे लोट बाहेर येतात. आमची शिस्त जुनी. वर्गांत हंसूं फुटलें कीं छडी उचलावी, हाच आम्ही शिकलेला आणि शिकविलेला धडा. "कामाच्या वेळीं हा काय पोरखेळ?" असें आम्हीं एकदां स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलें, तों तिकडून उत्तर आलें, "ती नव्या मुलांना शिकवते आहे. तुमच्या वर्गांत कोणी हंसत नसे, म्हणून तुम्हांला ओळखूं येत नाहीं."

उत्तर झोंबलें, आणि म्हणूनच चहाच्या वेळीं आम्हीं सूनबाईला विचारलें. ती म्हणाली, "बाबा, दरवर्षीं आमच्याकडे दोनतीन नवीं मुलें येतात. कॉलेजांत शास्त्र शिकून आलेलीं असतात. पण दप्तर कसें सांभाळावें हें दप्तरांतच शिकावें लागतें." हें आम्हांस तात्काळ पटलें. पूर्वींच्या फडांतहि कारकुनाचा मुलगा वडिलांच्या नाहीं तर एखाद्या आप्ताच्या हाताखालीं उमेदवारी करी, मोडीचें वळण घोटी, कीर्द-खतावणीचा ताळा जमवी, आणि मगच त्याच्या हातीं खरा कागद पडे.

थट्टा कसली चालते, याचा तिनें एक मासला सांगितला. एक प्रश्न खानावळींत शिरला, दोन टेबलांपाशीं गेला आणि अदबीनें म्हणाला, "आपणां दोघांना जोडूं का?" आम्हांस हंसूं आलें नाहीं. मग तिनें उकल केली. डेटाबेसमध्यें माहिती टेबलांत, म्हणजे कोष्टकांत, मांडलेली असते. एकांत माणसांचीं नांवें, दुसऱ्यांत त्यांचे व्यवहार. ही मांडणी १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील कॉड या शास्त्रज्ञानें सुचविली. दोन कोष्टकें जोडावयाचीं तर दोहोंत समान असा एक रकाना लागतो.

"म्हणजे गोत्र?" आम्हीं विचारलें.

"होय, पण उलटें. आपल्याकडे गोत्र एक निघालें कीं सोयरीक मोडते. आमच्याकडे गोत्र एक असल्यावांचून सोयरीक जमतच नाहीं."

आतां मात्र आम्ही हंसलों, आणि हंसतां हंसतां ध्यानांत आलें कीं धडा होऊन गेला. छत्तीस वर्षें शिकविण्यांत घालवूनहि ही युक्ति आम्हांस साधली नव्हती.

या मंडळींत थट्टेची परंपराच दिसते. ओरॅकल नांवाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्यें शिकाऊ लोकांच्या सरावासाठीं एक खातें तयार करून दिलेलें असे. खात्याचें नांव 'स्कॉट' आणि त्याचा परवलीचा शब्द 'टायगर'. स्कॉट हें कंपनीच्या आरंभींच्या एका नोकराचें आडनांव, आणि टायगर हें त्याच्या घरच्या मांजराचें. आमच्या पिढीनें श्रीगणेशा काढून पाटी सुरू केली; जगांतील हजारों दप्तरदारांनीं एका मांजराचें नांव घेऊन केली.

सूनबाईच्या शुक्रवारच्या बैठकीचें नांव 'ध चा मा' असें आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला, त्या वेळीं पत्रांतील 'धरावें' या शब्दाचें आनंदीबाईंनीं 'मारावें' केलें, ही आख्यायिका मराठी घरांतील पोराबाळांसहि ठाऊक आहे. तिचा खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनीं पाहावा. परंतु लेखांतील एका अक्षरावर माणसाचा जीव कसा टांगलेला असतो, हें सांगण्यास याहून नेटकी गोष्ट नाहीं. बैठकीचा नियम असा कीं, ज्याच्या हातून चूक झाली त्यानेंच ती सांगावयाची, आणि साधेल तितक्या गमतीनें. दुसऱ्याची चूक कोणीं उच्चारावयाची नाहीं.

एका मुलानें सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी आहे. सरावाच्या दप्तरांत त्याला एका ग्राहकाचा पत्ता बदलावयाचा होता. त्यानें आज्ञा लिहिली, पण 'कोणाचा' हें सांगणारी अट, जिला त्या भाषेंत 'व्हेअर' म्हणतात, ती लिहावयाची राहिली. यंत्र बिचारें आज्ञाधारक. त्यानें यच्चयावत् सर्व माणसांचा पत्ता एकच करून टाकला. "एका क्षणांत चाळीस हजार माणसें नागपुरांतल्या दोन खोल्यांच्या घरांत राहावयास आलीं," असें तो म्हणाला. त्यावर एका मुलीनें विचारलें, "आणि स्वयंपाक कोणाकडे?" एकत्र कुटुंबांत नांदलेल्या माणसासच सुचावा असा हा प्रश्न! हंसें ओसरल्यावर सूनबाईनें नियम सांगितला. आधीं तीच अट घालून नुसतें पाहावें आणि किती ओळी हातीं लागतात तें मोजावें. मग व्यवहार उघडून बदल करावा. आंकडा जुळला तर बदल कायम करावा. न जुळला तर 'रोलबॅक' म्हणून मागें फिरावें. पक्कें होण्यापूर्वीं माघार घेतां येणें हें त्या शास्त्रांतील मोठें वरदान आहे.

"पण खऱ्या दप्तरांत असें झालें तर?" आम्हीं विचारलें. तेव्हां तिनें गिटलॅब नांवाच्या परदेशी कंपनीची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एका थकलेल्या कर्मचाऱ्यानें दुय्यम यंत्रावरील दप्तर पुसावयाचें तें मुख्य यंत्रावरचें पुसलें. चूक कांहीं क्षणांतच ध्यानांत आली, पण तोंवर बहुतेक सारें गेलें होतें. नकला ठेवण्याच्या पांच तजविजी होत्या. वेळेवर एकहि नीट उपयोगी पडली नाहीं. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत होती, तिच्यामुळें निभावलें. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या बुडाल्या. कंपनीनें कांहींच झांकलें नाहीं. दुरुस्तीचें काम साऱ्या जगास पाहूं दिलें, आणि पुढें कारणांसह सविस्तर वृत्तांत छापला. त्या माणसाला काढलें नाहीं. त्याच्या हुद्द्यांत मात्र 'डेटाबेस (निर्मूलन) तज्ज्ञ' असा थट्टेचा फेर झाला.

हें ऐकून आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों. जेथें चूक सांगितल्यावर हंसें होतें, पण मान जात नाहीं, तेथें माणसें चूक सांगतात. जेथें छडी असते तेथें तीं ती लपवितात. हें तत्त्व म्हणून ठीक होतें. तें आमच्याच अंगावर येईल असें मात्र त्या दिवशीं वाटलें नव्हतें.

पुढच्या शुक्रवारीं दार उघडें राहिलें होतें. सूनबाई 'नल' नांवाच्या चिन्हाविषयीं सांगत होती. ज्या रकान्यांतील गोष्ट ठाऊक नाहीं तेथें हें चिन्ह असतें. तें शून्य नव्हे, आणि रिकामी जागाहि नव्हे. 'येथें कांहींतरी आहे, पण आम्हांस माहीत नाहीं' अशी ती प्रामाणिक कबुली आहे. दोन 'नल' परस्परांबरोबर आहेत काय असें विचारलें तर यंत्र 'होय' म्हणत नाहीं. कारण दोन अनोळखी माणसें एकच असतील असें कोण म्हणेल? आमचा जुना संस्कृताचा व्यासंग जागा झाला. पाणिनीनें न दिसणाऱ्या वर्णालाहि 'लोप' अशी संज्ञा देऊन शास्त्रांत मानाचें स्थान दिलें. अभावालाहि नांव हवें, हें आमच्या पूर्वजांनीं ओळखलें होतें.

एवढ्यांत एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, या दप्तरांत कांहीं बिघाड आहे. हजारों ग्राहकांचा जन्म १ जूनचाच दिसतो." सूनबाई खळखळून हंसली. "अग, यंत्राचा बिघाड नाहीं तो. ही सारी गुरुजींची कृपा!" मग तिनें समजावून सांगितलें. जन्माची तारीख ठाऊक नसली कीं शाळेंत नांव घालतांना गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर नियमाप्रमाणें आदल्या दिवशीं निवृत्त होतो, म्हणून महाराष्ट्रांत दर ३१ मे रोजीं कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते. परदेशांत आश्रय घेतलेल्या पुष्कळ अफगाण लोकांचा जन्मदिवस याच न्यायानें १ जानेवारी आहे.

सगळीं हंसलीं. ओसरीवर बसलेले आम्ही मात्र हंसलों नाहीं. तो गुरुजी आम्हीच होतों.

जनरल रजिस्टरांत जन्मतारखेचा रकाना असे. सत्र जूनमध्यें सुरू होई, आणि त्या दिवशीं मुलाचें वय पुरें दिसावें लागे. रकाना मोकळा ठेवला तर तपासणीस आलेले साहेब चारचौघांत बोलत. आम्ही तेव्हां पंचविशीच्या आंतबाहेर होतों. बोलणीं खाण्याचें भय वाटे. जंगलकडेच्या एका पाड्यावरची बाई मुलाला घेऊन आली होती. आम्हीं तारीख विचारली. ती म्हणाली, "रोवणी आटोपली होती, गुरुजी. पोळा यायचा होता." म्हणजे श्रावण. आम्हीं ऐकलें, आणि १ जून लिहिलें.

तोच मुलगा पुढें एका सरकारी नोकरीच्या भरतींत अडला. वयाची मर्यादा त्यानें दोन महिन्यांनीं ओलांडली होती. पण ती कागदावर. खऱ्या वयानें तो आंत बसत होता. शाळा सोडल्यावर ती नोंद बदलणें त्याच्यासारख्यास झेपण्याजोगें नव्हतें. आज तो भांदक स्टेशनावर रिक्षा चालवितो. गुरुपौर्णिमेस नेमानें येतो. भरतीची हकीकत त्यानेंच एकदां सांगितली होती. ऐकून आम्ही 'दैव' असें कांहीं तरी पुटपुटलों होतों.

रात्रीं सूनबाईला आम्हीं सारें सांगितलें. ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबा, शुक्रवारीं तुम्ही सांगाल? नियम ठाऊक आहे ना? स्वतःची चूक, आणि गमतीनें."

आम्हीं पडद्यासमोर बसून सांगितलें. "एका वर्षीं आमच्या पहिलींत एकतीस मुलें होतीं, आणि त्यांपैकीं बावीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशीं. ज्योतिष्याला एक कुंडली पुरली असती." मुलें मनापासून हंसलीं. मग रिक्षावाल्याची गोष्ट सांगितली, तेव्हां शांत झालीं. सूनबाईनें नियम सांगितला: "रकाना मोकळा राहिला तर पुढें भरतां येतो. खोटा भरला तर कोणालाच संशय येत नाहीं." तेवढ्यांत चाळीस हजार माणसें एका घरांत घालणाऱ्या त्या मुलानें विचारलें, "सर, तुम्हीं त्यांना हें सांगितलें आहे का?"

नव्हतें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्टेशनावर गेलों. त्यानें लगबगीनें रिक्षाची बैठक पुसली. आम्ही बसलों नाहीं. उभ्यानेंच सांगितलें कीं, तुझ्या आईनें श्रावण सांगितला होता, चूक आमची. तो बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आई मरेपर्यंत म्हणायची, मला तारीख सांगतां आली नाहीं, म्हणून पोराची नोकरी गेली. ती स्वतःचीच चूक समजत होती."

यावर आमच्यापाशीं शब्द नव्हते. बोलून पक्की झालेली नोंद मागें फिरत नाहीं, हें खरें; पण एका बाईच्या नांवावर चढलेली चूक त्या सकाळीं आम्ही आमच्या नांवावर उतरवून घेतली. ती हयात असतांना हें झालें असतें तर बरें झालें असतें.

असो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना आतां जन्मतारखेसाठीं जन्मनोंदीचा दाखलाच लागतो; पुढें १ जूनचीं मुलें कमी होत जातील. पण वाचकहो, आपल्या घरांत आज १ जूनचीं वडीलधारीं माणसें असतील. त्यांना एकदां सवडीनें विचारावें: पाऊस होता का, पोळा झाला होता का, शेजारीं कोणाचें लग्न होतें? जितकें कळेल तितकें घरच्या वहींत लिहावें. आणि जें कळणार नाहीं, तेथें न लाजतां लिहावें: माहीत नाहीं.