शिक्का नको, पातळी पाहा
शिकण्याच्या शैलीनुसार मुलांची दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी वर्गवारी करून शिकवले की प्रगती होते, हा समज शिक्षणक्षेत्रात घट्ट रुजला आहे. पुरावा मात्र त्याच्या बाजूने नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा त्यांना या दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. मग वर्गात मुले वेगवेगळी दिसतात, त्याचे काय? दिसतातच. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात हंगामात तोडणी कामगारांची मुले गाव सोडून येतात; शाळा मध्येच तुटते. मग एकाच चौथीत कुणाला हातच्याची वजाबाकी येते, तर कुणी दोन अंकी संख्येपाशीच अडखळतो. हा फरक शैलीचा नव्हे, आधी काय येते त्याचा. अशा मुलाला ‘कृतिशील’ ठरवून वाचनातून मोकळे करणे ही त्याची शुद्ध फसवणूक. बेचाळीसमधून सतरा वजा करताना दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला, तर त्याचा उपयोग साऱ्या वर्गाला होतो. साधन विषय ठरवतो, मुलाचा स्वभाव नव्हे. म्हणूनच ‘प्रथम’ संस्थेची इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची पद्धत अधिक भरवशाची. एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असताना हे जमेल? शैलीच्या प्रश्नावल्यांचा वेळ वाचन-चाचणीला दिला, तर बऱ्यापैकी जमेल; गट मात्र मुलाच्या प्रगतीनुसार बदलते हवेत, वर्षभराचे नकोत.