निबंधाचा दुसरा खर्डा

“सर, बाबासाहेबांनी लाहोरच्या भाषणातला स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. मग आम्ही एकच निबंध तीनदा का लिहायचा?”

इयत्ता नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तेव्हा वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला इतिहासानेच पेचात पकडावे, यातला टोला आमच्या लक्षात आला होता. त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते पुढील आठवड्यात दिले, आणि येथेही मांडतो.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले होते. भाषण आधी वाचल्यावर मंडळाला त्यातील काही भाग अडचणीचा वाटला आणि तो गाळण्याची सूचना झाली. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला, अधिवेशन बारगळले आणि भाषण त्यांनी स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एवढी कथा आमच्या मुलांना पाठ असते. पुढची कोणी सांगत नाही. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये घेतलेले आक्षेप छापले आणि त्यांना सविस्तर उत्तर जोडले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर ते लिहितात की, १९१७ साली प्रसिद्ध झालेला आपला जातिविषयक निबंध यात सामावून संपूर्ण ग्रंथ नव्याने रचण्याचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. म्हणजे दडपणापुढे न वाकणारा हा लेखक आपले लिखाण पुन्हा घडवण्यास आठ वर्षांनंतरही उत्सुक होता. दुसऱ्याची नाराजी टाळण्यासाठी शब्द बदलणे निराळे आणि आपला युक्तिवाद अधिक भक्कम व्हावा म्हणून तो पुन्हा मांडणे निराळे. मुलांना हा भेद कळला की पुनर्लेखनाचा अर्धा कंटाळा जातो. उरलेला अर्धा जात नाही, हेही खरे.

आमच्या शाळांत निबंध तपासणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ ओढणे, हा समज आम्हीच रुजवला. मूल त्या रेघा सुधारून ‘पक्के’ लिहिते. विचार मात्र कच्चाच राहतो. आंबेडकरी घरांतील मुलांच्या निबंधात आणखी एक दोष आढळतो, आणि तो बोलून दाखवणे आम्हाला जड जाते. ‘बाबासाहेबांनी म्हटले आहे’ असे लिहिले की मुद्दा सिद्ध झाला असे ती समजतात. केवळ ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून काहीही स्वीकारू नका, हा कालाम सुत्तातील उपदेश ज्या विद्यालयात शिकवला जातो, तेथेच जुने शब्दप्रामाण्य नव्या नावाने परत येत असेल तर तो दोष मुलांचा नव्हे.

यावर आम्हाला सापडलेला उपाय खानदेशातलाच आहे. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब या भागात आले होते. चाळीसगाव स्थानकावरून महारवाड्यात नेण्यास टांगेवाले तयार होईनात. अखेर टांगा मिळाला. हाकायला मात्र सवय नसलेला आपल्यातलाच एक जण बसला. नदीवरच्या मोरीपाशी अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे लिहिताना त्यांनी टांगेवाल्यांना शिव्या दिल्या नाहीत. अंतर, मोरी, नकाराचे कारण आणि पाहुण्याला पायी नेणे कमीपणाचे मानणाऱ्या आपल्या माणसांचा हट्टही नोंदवला. ‘अस्पृश्यतेने फार अन्याय झाला’ असे वाक्य वहीत आले की आम्ही समासात फक्त ‘चाळीसगाव?’ असे लिहितो. काय करायचे ते मुलांना कळते.

गेल्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील मुलीने ‘मुलींच्या शिक्षणासाठी वसतिगृह आवश्यक’ या विषयावर लिहिले. पहिल्या खर्ड्यात महापुरुषांची नावे होती, ती स्वतः कोठेच नव्हती. तिला आम्ही विचारले, “तुला येथे पाठवायला घरात कोणाचा विरोध होता?” दुसऱ्या खर्ड्यात वडील आले. दिवाळीनंतर सारे घर ऊसतोडीला जाते. थोरली येथे राहिली तर फडावर धाकट्यांना कोण सांभाळणार, हा त्यांचा सवाल तिने कोणतीही खोट न काढता मांडला. तिसऱ्या खर्ड्यात तिचा निष्कर्षच बदलला. थोरलीला आत घेऊन धाकट्यांना फडावर सोडणारे वसतिगृह अर्धेच काम करते, आमचेही त्याला अपवाद नाही, असे तिने लिहिले.

हा निबंध स्नेहसंमेलनात वाचला जाणार होता. पाहुणे, देणगीदार, पालक समोर बसणार. शेवटचा परिच्छेद गाळावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले, आणि प्रांजळपणे सांगतो, आमच्याही मनात तेच आले होते. मग लाहोर आठवले. या वेळी मंडळाच्या खुर्चीत आम्ही बसलो होतो. आम्ही तिला एवढेच विचारले, “हे वाक्य सिद्ध करू शकशील?” तिने आपल्या पाड्यावरून ऊसतोडीला गेलेल्या शाळकरी मुलांची गणती खाली जोडली. परिच्छेद राहिला. वाचन चालू असताना पहिल्या रांगेत दोन-तीन चेहरे उतरलेले आम्ही पाहिले.

चाळीस वह्या तीनदा वाचायला वेळ कोठून आणायचा, हा शिक्षक-बंधूंचा आक्षेप रास्त आहे. परीक्षेत निबंध एकदाच लिहावा लागतो, हेही खरे. आम्ही वर्षात दोनच निबंध असे घेतो आणि दुसरा खर्डा मुलांनी एकमेकांचा वाचायचा असतो. मात्र मुले मैत्रीखातर आक्षेप घेत नाहीत. त्यासाठी बाहेरचा माणूस हवा. शनिवारी सायंकाळी अभ्यासिकेत हे वाचन चालते. माजी विद्यार्थ्यांनी यावे, एखादी वही हाती घ्यावी आणि ‘मला हे पटत नाही’ असे त्या मुलाला समोरासमोर सांगावे.